वीतभर माया

तुझ्या धाकट्या आजीबद्दल लिहायचं तर रागानंच सुरुवात होणार, बाई. मला दुसरं जमत नाही. वीस वर्षं झाली, तरी कंपनीच्या त्या फळ्याची आठवण आली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तू लिही. थांबले तर विचार, पण सुधारत बसू नकोस.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. या घरात आली तेव्हा एवढीशी होती, आणि बोलायची त्याहून कमी. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडात टाचण्या आहेत, सांडतील म्हणून उघडत नाही. ते अगदीच खोटं नव्हतं. तिची आई लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायची, आणि ही मशीनखाली बसून, तोंडात टाचण्या धरून वाढलेली. चार यत्ता शिकली. मी एकही नाही. म्हणून घरातलं लिहिणं-वाचणं तिचं आणि भांडणं माझी, अशी आमची वाटणी.

भाऊजी, म्हणजे माझे दीर, खिडक्या पुसायचे. घरच्या नव्हेत, मोठमोठ्या काचेच्या इमारतींच्या. दोरीला लटकून नाही, खाली जमिनीवर उभं राहून, लांब काठीनं. ती काठी म्हणजे एकात एक घातलेल्या सहा नळ्या. ओढली की चार मजले वर जाते, ढकलली की माणसाएवढी होते. टोकाला ब्रश, आतून पाण्याचा पाइप, आणि प्रत्येक सांध्याला सायकलच्या सीटखाली असते तशी एक पकड. दाबली की घट्ट. फायबरची असते, हलकी म्हणतात. दिवसभर मान वर करून ती तोलून धर, मग मला सांग हलकी की जड. भाऊजींचा उजवा खांदा त्यातच गेला.

एकदा त्यांची काठी अडकली. तुझे आजोबा एका टोकाला, भाऊजी दुसऱ्या टोकाला, दोघं घाम गाळून ओढतायत, मधल्या खोलीत नुसती रस्सीखेच. धाकटी आतून आली आणि म्हणाली, "सोडा." तिनं नळीत तांब्याभर पाणी ओतलं, काठी उभी धरून फरशीवर हळूच दोनदा ठोकली. आतून चमचाभर वाळू निघाली. काठी सुटली.

भाऊजी म्हणाले, "आता तेल सोडू का आत?"

"तेलाला धूळ धरेल आणि पकड घसरेल. कोरडीच राहू द्या."

लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि सासरी एवढं मोठं बोलणं ती पहिल्यांदाच बोलली. तुझे आजोबा मला हळूच म्हणाले, "हिला बोलता येतं की."

मग काय, भाऊजींबरोबरचे सगळेच काठ्या घेऊन दारात. वर्षभरात कंपनीनंच तिला बोलावलं आणि पाण्याच्या टाकीमागची एक खोली दिली. एक लांब टेबल, भिंतीला खुंट्या, आणि एक खिडकी. साऱ्या गावाच्या खिडक्या पुसणारी ती कंपनी, पण त्या खोलीची खिडकी कुणी कधी पुसली नाही. धाकटीनंच पुसली, पहिल्या दिवशी.

दुपारचा डबा घेऊन मी जायचे, म्हणून तिचं काम मी डोळ्यांनी पाहिलंय. काठी हातात आली की आधी बोटाच्या पेरानं वाजवायची, खालून वर. चांगली नळी टणटण बोलते, तडकलेली ठक्क करते. तडकलेल्या फायबरची कुसळं निघतात, केसापेक्षा बारीक, बोटात गेली की आठ दिवस ठणकतात. संध्याकाळी मी माझा चष्मा लावून तिच्या बोटांतली कुसळं काढायचे. ती हूं की चूं करायची नाही. बोलायचे मीच, त्या फायबर करणाऱ्याच्या सात पिढ्यांबद्दल.

आणि नुसती दुरुस्ती नव्हे. माणूस बघून काठी बेतायची. कुणाचा तळवा मोठा, त्याला मुठीशी सायकलच्या ट्यूबचं रबर चढवून द्यायची. आत गेलेल्या खिडक्यांसाठी ब्रशाची मान वाकडी करून द्यायची. पाइप धरायला एक मुलगी होती, अंगानं चिमणीएवढी, तिला सगळे टिचकी म्हणायचे. तिला स्वतःची काठी हवी होती, पण पुरुषांची काठी तिला पेलेना. धाकटीनं मोडक्या काठीच्या चार नळ्या निवडून तिच्या मापाची काठी बांधली, आणि उरलेल्या वेळात तिला शिकवलं की जोर हातात नाही, कमरेत ठेवायचा. टिचकी तिला आई म्हणायला लागली. मला म्हणायची 'आईच्या वरची'.

आता मायेचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून झालं. कपडा शिवताना शिवणीच्या आत जास्तीचा कपडा ठेवतात ना, त्याला शिवणारे माया म्हणतात. माया असली तर शिवण उसवत नाही. धाकटीच्या डोक्यात काठीलाही तेच. एक नळी दुसरीतून कितीही वर ओढली तरी तिचा बुडाकडचा वीतभर भाग खालच्या नळीत राहिलाच पाहिजे. ती धरून असते म्हणून काठी उभी असते. त्यासाठी प्रत्येक नळीवर, बुडापासून वीतभर अंतरावर, ती एक कडं डिंकानं बसवायची. ते खालच्या नळीच्या तोंडाशी आतून अडलं की नळी पुढे येतच नाही. त्या आतल्या वीतभराला ती माया म्हणायची. काचा धुणारे, पुसणारे, सगळेच तसं म्हणायला लागले.

आणि चिठ्ठी. दुरुस्त झालेल्या काठीला ती एक चिठ्ठी बांधायची, काय केलं ते लिहून. आधी बांधत नसे. मीच मागे लागले. म्हटलं, उद्या कुणी काही म्हणालं तर कागद दाखवता येईल. ती म्हणाली, "ताई, मला असलं लिहायला कुठे येतं?" मी म्हटलं, बोलतेस तसंच लिही. हे माझे शब्द. या जिभेचे. मग प्रत्येक चिठ्ठीवर यायचं: सांधे घट्ट. रबर नवं. वीतभर माया सोडली.

आमच्याकडे माया सोडली म्हणजे शिवणीत ठेवली. दारासमोर जागा सोडतो, पाहुण्यासाठी खुर्ची सोडतो, तसं. पण नुसतं वाचणाऱ्याला ते उलटंही वाचता येतं, हे मला कुठून सुचणार? मला सुलटंच वाचता येत नाही.

तर त्या कंपनीत एक सुपरवायझर आला. कपड्यांना इतकी कडक इस्त्री की बसताना पँट मोडेल म्हणून बसायचा नाही. त्याला सगळे इस्त्रीच म्हणायचे, तोंडावर साहेब. कंपनीला नवीन इमारत मिळाली होती, नेहमीपेक्षा उंच. सगळ्यात वरच्या खिडक्यांना काठी दीड हात कमी पडत होती. हा आला खोलीत. मी डबा उघडत होते, माझ्यासमोरच झालं बोलणं.

"बाई, चार काठ्या जरा लांब करून द्या. दीड हात."

धाकटी म्हणाली, "एकेक नळी जोडावी लागेल. मोडक्या काठ्यांतल्या चांगल्या नळ्या आहेत माझ्याकडे. चार काठ्या, चार दिवस."

"चार दिवस कुणाला आहेत? नळ्या आणखी थोड्या बाहेर ओढल्या की झालं. आत वीतभर नुसती बसूनच असते ना?"

"बसून नसते. धरून असते."

"म्हणजे तुमची ती माया."

"हो."

"मग माया जरा कमी करा. जग असंच चालतं, बाई."

"जग चालत असेल. काठी पडेल."

तो माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही. "आजी, तुमच्या जाऊबाई फार कडक," म्हणाला. मी म्हटलं, "इस्त्री तुमची, कडक त्या कशा?" तो गेला. ते मी बोलायला नको होतं की काय, असं मला नंतर कितीदा वाटलंय. मग वाटतं, अजून बोलायला हवं होतं.

दोन दिवसांनी दुपारी काठी पडली. त्या उंच इमारतीपाशी काठी पूर्ण ओढलेली, टोकाला भिजलेला ब्रश, वाऱ्यानं वाकली, आणि वरच्या दोन नळ्या सांध्यातून सुटून ब्रशासकट खाली आल्या. खाली पाइप धरून टिचकी उभी होती. तिच्या खांद्यावर आल्या. गळ्याजवळचं हाड मोडलं. चार बोटं डोक्याकडे पडल्या असत्या तर पोर वाचली नसती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कंपनीत गेलो तर खोलीला कुलूप. फाटकाजवळच्या फळ्यावर नोटीस, खाली माणसं गोळा झालेली. आम्हाला बघून पांगली. धाकटी नोटीस वाचायला लागली, नुसते ओठ हलत होते.

मी म्हटलं, "मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. दुसऱ्याच कुणाबद्दल असावं अशा आवाजात वाचलं. "काठी दुरुस्त करणाऱ्या बाईंनी नळीतील आवश्यक भाग काढून टाकल्यामुळे अपघात झाला. तसे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेले आहे. पुढील आदेशापर्यंत त्यांचे काम बंद."

स्वतःच्या अक्षरात. इस्त्रीनं पडलेल्या काठीची चिठ्ठी काढून मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. माया सोडली, म्हणजे काढली, असं समजावून सांगितलं होतं. ज्या माणसानं माझ्यासमोर 'माया कमी करा' म्हटलं, त्याला मायेचा अर्थ कळत नव्हता होय? चोराच्या उलट्या बोंबा.

आम्ही तिथून दवाखान्यात गेलो. टिचकीच्या छातीभोवती पट्टे आवळलेले. धाकटी तिच्या पायाशी उभी राहिली. पोरीनं आमच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तिची आई म्हणाली, "झोपलीय ती." डोळे उघडे होते पोरीचे. उघड्या डोळ्यांनी झोपली होती.

घरी आलो तर भाऊजी म्हणतात, "जाऊ दे. मोठ्या लोकांशी कशाला वैर? घरबसल्या दुसऱ्यांच्या काठ्या कर."

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमचा खांदा गेला ते ठाऊक होतं. जीभपण गेली का?"

"वहिनी, मी तिच्याच भल्याचं सांगतोय."

"तुमच्या घरातल्या बाईनं पोरीचं हाड मोडलं असं भिंतीवर लिहिलंय. त्यात भलं कुठे आहे ते मला दाखवा, मी चष्मा लावते."

ते उठून बाहेर गेले. धाकटी आठ दिवस काही बोलली नाही. भांडी घासायची ती अशी की पातेल्यांचं बूड झिजेल. माझा जीव तुटायचा. ती रडली असती तर बरं वाटलं असतं मला, पण ती रडणारी नव्हतीच. नवव्या दिवशी सकाळी केस बांधता बांधता म्हणाली, "ताई, त्या पोरीला खोटं ठाऊक आहे. ते मला चालणार नाही. येता का माझ्याबरोबर?"

मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता, आळशी होता. आळशी माणसाला जो पहिला येऊन सांगतो ते खरं वाटतं. धाकटी उभ्याउभ्याच म्हणाली, "साहेब, पडलेली काठी आणा. आणि त्या इमारतीवर गेलेल्या बाकीच्या तीन. आणि खुंट्यांवरच्या सगळ्या."

इस्त्री म्हणाला, "कशाला तमाशा?"

मी म्हटलं, "तमाशा नऊ दिवस फळ्यावर चाललाय. आज आमचा खेळ."

आणल्या काठ्या. खुंट्यांवरच्या सोळा. तिनं एकेक चिठ्ठी मॅनेजरला वाचायला लावली. सगळ्यांवर तेच, वीतभर माया सोडली. मग प्रत्येक काठी त्याच्याच हातानं ओढायला लावली. सोळाही काठ्या कड्यापाशी येऊन अडल्या. शेवटी बिचारा घामाघूम, म्हणाला, "अडतात हो, कळलं." मग त्या चार. चारांचीही कडी गायब, आणि कड्याच्या जागी कानशीचे ओरखडे. आडवे.

धाकटी म्हणाली, "फायबरवर कानस आडवी मारली तर आतले धागे तुटतात. मी पंधरा वर्षांत आडवी मारलेली नाही. इथल्या कुठल्याही नळीवर एक आडवा ओरखडा दाखवा, मी नोटिशीखाली सही करते."

मॅनेजर चिठ्ठी उलटसुलट करत बसला. "पण बाई, तुम्ही लिहिलंय ना, सोडली?"

"सोडली म्हणजे ठेवली, साहेब."

"सोडली म्हणजे ठेवली कशी होईल?" इस्त्री म्हणाला. "सोडली म्हणजे सोडली."

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते तू लिहू नकोस. पण तेवढ्यात मला शेजारच्या खोलीत मशीनचा आवाज ऐकू आला. कंपनीच्या गणवेशाचं काम करायला एक म्हातारा शिंपी यायचा. मी जाऊन त्याचा हात धरला आणि त्याला तसाच ओढत आणला, गळ्यात टेप, कानावर खडू. म्हटलं, "मामा, माया सोडली म्हणजे काय, ते या शिकलेल्या लोकांना सांगा."

तो गोंधळला. "म्हणजे ठेवली. आत राखली."

"आणि काढली असेल तर?"

"तर 'माया कापली' म्हणू. पण चांगला शिंपी कापत नाही." मग तो खाली वाकला आणि इस्त्रीच्या पँटीची मुडप उलटी करून मॅनेजरला दाखवली. "ही बघा. या साहेबांच्या पँटीला मीच तीन बोटं माया सोडलीय. आता यांची उंची वाढायची नाही, पण आपण आपलं सोडावं."

मॅनेजर हसला. मला त्याच्या हसण्याचाही राग आला. पोरीचं हाड मोडलंय, माझ्या जावेची अब्रू भिंतीला टांगलीय, आणि याला पँट बघून हसू येतंय. इस्त्री एक पाय पुढे करून उभाच होता, मुडप उलटी.

मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे. गैरसमज झाला. नोटीस काढून टाकतो. उद्यापासून या कामाला."

मी सुटकेचा श्वास सोडणार, तर धाकटी म्हणते, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नोटीस नऊ दिवस होती. सगळ्यांनी वाचली. काढून टाकली तर ती काढलेली कुणी वाचणार नाही. खरं काय झालं ते लिहा, तिथेच लावा. कडी कुणी कानसली तेही लिहा. मग मी येते."

"बाई, फळ्यावर काय आहे ते कोण बघतं?"

"मग लिहायला काय हरकत आहे?"

एवढं बोलून ती वळली. मी तिच्या मागे. आयुष्यात पहिल्यांदा मी हिच्या मागे चालत होते.

अकरा दिवस ती घरी बसली. दुसऱ्या कुणाच्या काठीलाही हात लावला नाही. तिकडे काठ्या अडकायला लागल्या. कुणी तेल घातलं, पकडी घसरल्या. कुणी सायकलवाल्याकडे नेली, त्यानं हातोडी मारली. लोकांनी इस्त्रीला सांगितलं की बाईंनी बघितल्याशिवाय आम्ही उंचावर काठी धरत नाही. पहिल्यांदा एकानं सांगितलं, मग सगळ्यांनी. हीच माणसं फळ्याखालून पांगली होती, ते मी विसरलेले नाही. धाकटी म्हणायची, ताई, भ्यालेली माणसं ती. असतील. मीपण भ्याले होते, पण पांगले नाही.

बाराव्या दिवशी निरोप आला. आम्ही गेलो तर फाटकाशी सगळे जमलेले. टिचकीपण आली होती, हात गळ्यात बांधलेला, आईला धरून. फळ्यावर नवा कागद. धाकटीनं तो वाचला, ओठ हलवत, सावकाश. मग म्हणाली, "निम्म्या लोकांना वाचता येत नाही. साहेबांनी वाचून दाखवावा."

मॅनेजरनं इस्त्रीकडे बघितलं. इस्त्री पुढे आला आणि वाचायला लागला. काठ्यांची कडी सुपरवायझर यांनी दुरुस्ती करणाऱ्या बाईंना न विचारता कानसली. त्यामुळे अपघात झाला. बाईंची चूक नव्हती. आधीची नोटीस चुकीची होती. हे सगळं तो एका श्वासात, स्वतःच्या बुटांना वाचून दाखवावं तसं बोलला.

मागून टिचकी म्हणाली, "ऐकू नाही आलं."

त्यानं पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. पोरीनं आईचा हात सोडला आणि गर्दीतून वाट काढत धाकटीशेजारी येऊन उभी राहिली. धाकटीनं तिच्या गळ्यातली झोळी बघितली, गाठ हाडाला टोचत होती, ती सोडून बाजूला सरकवून बांधली. आमच्या घरात बोलायचं माझ्याकडेच आहे, म्हणून मी म्हटलं, "इकडेही ऐकू नाही आलं हो."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. पहिल्याच वेळी मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर बसली असती खाली. मी त्याच्याकडे तसंच बघितलं. मग त्यानं तिसऱ्यांदा वाचलं, आणि सुपरवायझर या शब्दाशी आला तेव्हा मान वर करून, नीट, मोठ्यानं वाचलं.